अंबूमामींच्या पश्चिमेच्या खिडक्या

"आलं का हो?"

"नाही."

"आता?"

"नाही गो."

"नि आता?"

आतून खुर्ची करकरली. मग एक पुरुषी आवाज अगदी शांतपणे म्हणाला, "आलं. उजव्या कोपऱ्यातून आलं नि माझ्या मांडीवर पडलं. मांडीवर अशिलाचे कागद आहेत."

"कागद उचला आधी! नि उजवा म्हणजे कुठला? तुमचा उजवा की माझा?"

रत्नागिरीत येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. वैशाखाचं रणरणतं ऊन होतं. शेजारच्या घरातला हा संवाद ऐकून मी मधल्या दगडी गडग्यापाशी गेले आणि पाहतच राहिले. कासोटा घट्ट मारलेल्या एक बाई स्टुलावर उभ्या राहून स्वतःच्याच घराच्या खिडकीवर तांब्यातांब्याने पाणी फेकत होत्या. नुसतं ओतत नव्हत्या, चांगलं हात मागे नेऊन सपकन मारत होत्या. पायाशी भरलेली बादली होती. खिडकी बंद होती, आणि खिडकीच्या आत त्यांचे यजमान बसून कुठून पाणी झिरपतं ते सांगत होते.

माझं माहेर देशावरचं, वाईजवळचं. आमच्याकडे वैशाखात पाणी असं उधळलं असतं तर आजोबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. बाईंनी मला पाहिलं आणि तांब्या हातात तसाच धरून विचारलं, "कचेरीत नवीन आलेत त्यांची बायको ना गो तू?"

"हो."

"खिडक्या पाहिल्यास का घरातल्या?"

"त्यात काय पाहायचं?"

बाई स्टुलावरून खाली उतरल्या. आयुष्यात मी अनेक प्रश्न विचारले असतील. पण ज्याचं उत्तर पुढे कित्येक वर्षं संपलं नाही असा हा एकच.

या अंबूमामी. नात्याने त्या माझ्या कुणीच नव्हत्या, पण वरच्या आळीत त्यांना सगळेच मामी म्हणत आणि त्यांच्या यजमानांना तात्या. तात्या वकील. किडकिडीत, सावकाश बोलणारे, आणि बायकोच्या कुठल्याही उद्योगात न कुरकुरता सामील होणारे. मामी त्यांच्यापेक्षा बोटभर उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि कमरेला खोचलेली एक खादीची पिशवी. त्या पिशवीत मेणाचा गोळा, पिंजलेला कापूस, राळेची पुडी, एक बोथट सुरी आणि खोबरेलाची छोटी बाटली असे. ती पिशवी त्या कुठेही नेत. हळदीकुंकवाला गेल्या आणि यजमानीणबाईंच्या खिडकीची बिजागरी करकरली, की अत्तर मनगटाला लागायच्या आधी मामींचं तेल बिजागरीला लागलेलं असे. एकदा एका बारशाला पाळणा म्हणता म्हणता त्यांचा हात हळूच मागच्या खिडकीकडे गेला. चौकटीच्या तळाशी त्यांनी बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, आणि पाळण्याचं कडवं संपल्याबरोबर बाळाच्या आजीला सांगितलं, "ही खिडकी गेल्या सालापासून पाणी पित्येय हो."

आजींना राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं.

रत्नागिरीचा पाऊस वरून पडतो अशी देशावरच्या माणसांची समजूत असते. माझीही होती. तो आडवा येतो. समुद्रावरून वारा सुटला की पावसाची झड पश्चिमेच्या भिंतीवर अशी आदळते की चिऱ्याच्या भिंतीतूनसुद्धा ओल आत उतरते. म्हणून तिथली जुनी घरं पश्चिमेला जवळजवळ आंधळी असत. हातभर रुंदीची खिडकी, तिला जाड फळीची झडप, आणि पावसाळ्याआधी तिच्यावरही नारळाच्या झावळ्यांचा विणलेला झाप. तात्यांनी मात्र मुंबईला शिकताना मोठमोठ्या खिडक्यांचे बंगले पाहिले होते. वकिली जरा लागल्यावर त्यांनी घर बांधलं आणि पश्चिमेला छातीइतक्या उंचीच्या मोठ्या खिडक्या ठेवल्या, काचेच्या तावदानांच्या. सगळी आळी बघायला आली होती म्हणे. सगळी आळी मनातल्या मनात हसून परत गेली होती म्हणे.

पहिल्याच पावसाळ्यात खिडक्यांखालचा गिलावा पोपडे धरून गळून पडला. तात्यांची कायद्याची पुस्तकं फुगून पोळ्यांसारखी झाली. मामींच्या सासूबाईंनी निकाल दिला की दसऱ्यानंतर गवंडी आणून खिडक्या बुजवायच्या. तात्याही खाली मान घालून हो म्हणाले. तेव्हा मामी, घरातली धाकटी सून, पहिल्यांदा सासूसमोर बोलल्या. "बुजवायच्या नाहीत. पाणी आत यायचं नाही, ते मी बघत्ये."

हे त्यांनी का केलं ते मी एकदा विचारलं. मामी दापोलीजवळच्या मुरुडच्या. "समुद्र आमच्या घरापासून हाकेवर," त्या म्हणाल्या, "पण बायका माजघरात. माजघराला खिडकीच नाही. लग्न होईपर्यंत मी गाज ऐकली, समुद्र काही घरातून पाहिला नाही. नि इथे आले, तर ह्यांनी मला स्वयंपाकघरातून दिसेलसा समुद्र करून ठेवलेला. अगो, कुणी एवढ्या हौसेने दिलेलं आपण दगडांनी बुजवायचं?"

मग त्या शिकल्या. कुणाकडून असं नाही, सगळ्यांकडून. गलबतांच्या फटी राळेने कशा बुजवतात ते बंदरावर तात्यांना पाठवून विचारून घेतलं. लाकडाला उंडीच्या बियांचं कडू तेल पाजलं की कीड आणि पाणी दोन्ही लांब राहतात हे सुताराकडून कळलं. खिडकीखालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता हवा, नाहीतर पाणी तिथेच बसून आत यायची वाट शोधतं, हे त्यांना स्वतःलाच एका दुपारी दगडाकडे पाहता पाहता उमगलं. पुढच्या पावसाळ्यात पुस्तकं निम्मी बचावली. त्याच्या पुढच्यात सगळी. सासूबाई अखेरच्या आजारात हट्टाने त्याच पश्चिमेच्या खोलीत निजत.

पण पाणी अडवणं म्हणजे खिडकी बंद करणं, असं मात्र मामी कधीच मानत नसत. ते मला माझ्या पहिल्या आषाढात कळलं.

मी घाबरून घराच्या सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतल्या होत्या. फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. पाण्याचा एक थेंब आत आला नाही आणि मला स्वतःचं मोठं कौतुक वाटत होतं. मग एके सकाळी ह्यांनी कचेरीत घालायचा काळा कोट खुंटीवरून काढला तर तो हिरवा झाला होता. सगळ्या कोटावर बारीक लव आली होती. लोणच्याच्या बरणीवर बुरशी, चपलांवर बुरशी, भिंतीला तळहात लावला तर हात ओला. मी रडकुंडीला येऊन मामींना हाक मारली.

मामी आल्या, दारातच थांबल्या आणि नाक वर करून वास घेतला. मग कोटाकडे पाहिलं. "अगो बाय, ह्याला मिशा फुटल्या!"

"मामी, थेंब आत आला नाही हो. मग ही ओल आली कुठनं?"

त्यांनी मला हाताला धरून घरभर फिरवलं. माजघरात दोरीवर ओली लुगडी, धोतरं, टॉवेल. चुलीवर आधण. कोपऱ्यात न्हाणीघराचं उघडं दार आणि बंबाची वाफ. "हे सगळं पाणी कुठे जातं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "कुठेच जात नाही. तू कोंडलंयस त्याला. बिचारं भिंतीवर बसतं, कोटावर बसतं, नि रात्री तुमच्या छातीत जाऊन बसतं. बाहेरचं बाहेर ठेव, पण आतलं बाहेर सोड गो!"

मग फटींतल्या चिंध्या त्यांनी स्वतः उपसून काढल्या. वाऱ्याच्या उलट बाजूच्या खिडक्या उघडायच्या, ओले कपडे पडवीत, झापाच्या आडोशाला, आधणावर झाकण, आणि उघडीप आली की असेल ते काम टाकून घरातली सगळी दारं नि खिडक्या सताड उघडायच्या. तो कोट त्यांनी कडुनिंबाचा पाला घालून उन्हात झटकून दिला. ह्यांनी तो पुढे बरीच वर्षं घातला.

उघडीप हा मामींचा खास प्रांत. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि दिसतं ते घटकाभर. ती घटका कुणी झोपेत किंवा बोलण्यात घालवू नये म्हणून मामी पाखाडीच्या, आळीतून उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहत आणि खणखणीत हाक देत, "उघडीप आऽली गोऽ!" की वरपासून खालपर्यंत धडाधड खिडक्या उघडत. उशा, गोधड्या, पोथ्या, पापड, म्हाताऱ्या माणसांची अंथरुणं, सगळं बाहेर. आळीच्या तोंडाशी शाळा होती, तिथले मास्तरसुद्धा ती हाक ऐकून वर्गाच्या खिडक्या उघडत, आणि मुलांना वाटे की सुट्टी झाली.

त्यांना उपदेशाची मात्र सवय नव्हती. सवय होती ती भांडणाची, आणि तीही आपल्या मोरू सुताराशी. पावसात लाकूड फुगून खिडकी लागेनाशी झाली की मोरू रंधा काढी. मामी त्याचा रंधा धरून ठेवत. "आता तासलंस तर कार्तिकात ह्या फटीतून मांजर जाईल मेल्या! साबण लाव नि गप्प बस." मोरू म्हणे, "मग मला बोलावलंत कशाला?" "साबण लावायला." दोघं तावातावाने भांडत आणि मग एकत्र बसून चहा पीत.

तात्यांच्या पोटाची गोष्ट मी सांगितली नाही तर मामींचं चित्र अपुरं राहील. तावदानं चौकटीत बसवायला लुकण लागतं. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र मळून मळून त्याचा मऊ गोळा करायचा आणि काचेच्या कडेने भरायचा. मामी ते घरीच करत, पुरण वाटावं तसं पाट्यावर वाटून. उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली वाटीत झाकून ठेवायचा म्हणजे वाळत नाही. एकदा वाटी फळीवर राहिली. तात्या कोर्टातून भुकेले आले. मामी विहिरीवर होत्या, मी त्यांच्याकडे विरजण मागायला आलेली. तात्यांनी फडकं उचललं, पांढरा मऊसूत गोळा पाहिला, त्यांचा चेहरा उजळला, आणि मी तोंड उघडायच्या आत लिंबाएवढा तुकडा त्यांच्या तोंडात गेला होता.

ते बराच वेळ चघळत राहिले. मामी घागर घेऊन आत आल्या तेव्हा तात्या विचारपूर्वक म्हणाले, "खवा जरा जुना आहे का गो?"

मामींनी वाटीकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. घागर खाली ठेवली. "किती खाल्लंत?"

"थोडाच."

"बरं झालं. आता तुमचं पोट कधी गळायचं नाही."

आणि मग खाली बसून त्या इतक्या हसल्या की त्यांना उठवेना. तात्यांना ताक पाजलं, एरंडेल दिलं, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात गोड पदार्थ झाला की तात्या आधी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत.

मामींचं एक दुःख मात्र होतं, आणि ते आमच्या आळीच्या खालच्या टोकाला राहत होतं. सगुणावहिनी. दोघी बरोबरीच्या, एकाच वर्षी सासरी आलेल्या, पूर्वी एकमेकींना अगं-तुगं करणाऱ्या. मी आले तेव्हा मात्र दोघींचं बोलणं बंद होतं. ते का, हे मला हळूहळू समजलं. सगुणावहिनींचा धाकटा मुलगा बाळू एका आषाढात तापाने गेला. त्यानंतर त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीला आडव्या फळ्या मारून खिळे ठोकले. वर्ष उलटल्यावर मामी कशासाठी तरी तिथे गेल्या, भिंतीची काळी बुरशी पाहिली, आणि चार बायकांदेखत म्हणाल्या, "सगुणा, खिडकी उघड आधी, खोली कुजत्येय तुझी." सगुणावहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मामींशी काहीच बोलल्या नाहीत.

मामी उघडीप पुकारत तेव्हा आळीतल्या सगळ्या खिडक्या उघडत. ती एक सोडून.

पुढे एका पावसाळ्यात सगुणावहिनींची मुलगी शांती पहिल्या बाळंतपणाला चिपळूणहून माहेरी आली. बाळंतिणीची खोली म्हणून तिला तीच मागची खोली दिली होती, कारण दुसरी नव्हतीच. मी तिच्यासाठी रव्याचे लाडू घेऊन गेले. भर दुपारी आत कंदील लावलेला. भिंत कमरेपर्यंत काळी. अंथरूण हाताला गार लागत होतं. शांती बोलता बोलता खोकत होती. आई स्वयंपाकघरात गेली तशी ती मला हळूच म्हणाली, "झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं हो. पण आईला सांगू नका. तिला बाळू आठवतो."

मी तशीच मामींकडे गेले आणि सांगितलं. मला वाटलं होतं, मामी पिशवी उचलून तरातरा निघतील. त्या मुळीच हलल्या नाहीत. पाटावर बसून राहिल्या. तात्या वाचत होते, त्यांनी चष्मा वर केला. "जा की."

"मी गेले तर दार लावून घेईल ती."

"मग दाराशी जाऊ नकोस," तात्या म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी मोरूला घेऊन सगुणावहिनींच्या परसात मागच्या बाजूने शिरल्या. मला झाप धरायला नेलं होतं. रिमझिम चालू होती. मोरूने खिडकीच्या वर भिंतीला दोन बांबू तिरपे टेकवले, मामी त्यावर झाप अंथरून काथ्याने बांधू लागल्या. चांगला पुढे आलेला, उतरता आडोसा, म्हणजे खिडकी उघडी असली तरी झड आत जाणार नाही.

मागचं दार उघडलं. सगुणावहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. "काय चाललंय माझ्या परसात?"

"झाप बांधत्येय," मामी म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"त्या खिडकीला हात लावायचा नाही, अंबू."

"नाही लावत. बघ, माझे हात बांबूला आहेत."

कितीतरी वर्षांनी त्यांनी मामींना नावाने हाक मारली होती. दोघींच्याही ते ध्यानात आलं असावं. मामींनी काथ्याची गाठ मारली, हात पुसले आणि त्यांच्याकडे वळल्या. एरवी त्यांचा आवाज पाखाडीपर्यंत जाई. आता मी हातभर अंतरावर असून मला कान द्यावा लागला.

"सगुणा, त्या वर्षी मी बोलले ते बोलायला नको होतं. तुझं मूल गेलं होतं, नि मी भिंत बघत बसले."

सगुणावहिनी पावसाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती खिडकी त्या दिवशी मीच उघडी टाकली होती. लावायची विसरले. संध्याकाळी बघत्ये तर बाळूचं अंथरूण भिजलेलं. दुसऱ्या दिवशी ताप." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "ह्यांनासुद्धा सांगितलं नाही मी कधी."

मोरू हातोडा घेऊन हळूच विहिरीकडे निघून गेला.

"अगो," मामी म्हणाल्या, "तो ताप आळीभर होता. आमच्याकडे हे महिनाभर अंथरुणाला खिळले होते, नि आमच्या खिडक्या तुला ठाऊक आहेत. खालच्या घरातली म्हातारी गेली, तिच्या खोलीला खिडकीच नव्हती. तुझ्या खिडकीने नाही आणला तो."

"हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही."

"मी सांगायला हवं होतं. मी ओल सांगत बसले."

सगुणावहिनींनी झापाकडे एकदा पाहिलं. त्या आत गेल्या. पण दार लावलं नाही. मामींनी उरलेला काथ्या गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "चल. खिडकी तिची आहे."

त्यानंतर पाऊस कोसळतच राहिला. झापाखालच्या फळ्या तशाच होत्या. मामी रोज पाणी भरताना गडग्यावरून त्या बाजूला एक नजर टाकत आणि परत येत. मग एका सकाळी ढग फाटले. मामींनी पाखाडीवर जाऊन हाक दिली. खिडक्या उघडल्या, गोधड्या बाहेर आल्या, शाळेतली पोरं ओरडली. तो सगळा गलका जरा ओसरला तेव्हा आळीच्या खालच्या टोकाकडून आवाज ऐकू आला. लाकडातून खिळा उपसताना होतो तसा, लांबलचक, कर्कश. मग दुसरा. मामी माझ्या दंडाला घट्ट धरून उभ्या होत्या. तिसऱ्या खिळ्यानंतर फळी खाली पडली. आणि मग सगुणावहिनींची हाक आली, अगदी मामींच्याच चढ्या सुरात.

"अंबूऽ! फुगल्येय मेली! उघडत नाही गोऽ!"

मामी धावल्या. मी मामींना धावताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. पिशवी कमरेवर आपटत होती, एक चप्पल पाखाडीवरच राहिली. मी पोहोचले तेव्हा दोघी खिडकीला खांदे लावून उभ्या होत्या. मामींनी फटीत सुरी घालून तेल सोडलं होतं. "एकदम हं सगुणा!" दोघींनी रेटा दिला, खिडकी कडकन उघडली आणि दोघीही तोल जाऊन चौकटीवर आदळल्या. खोलीत ऊन आलं. शांती अंथरुणावर उठून बसली, डोळे मिचकावले, आणि तिला ओळीने शिंका सुरू झाल्या. ते पाहून आधी सगुणावहिनी हसल्या, मग मामी, आणि मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्याही. शांतीला काही कळेना. ती शिंकतच होती.

भिंत खरवडून मोरूने चुन्याचे दोन हात दिले. शांतीचा खोकला उतरत गेला. श्रावणात तिला मुलगी झाली, भर सकाळी, खिडकी उघडी असताना. सुईण कुरकुरली, पण सगुणावहिनींनी स्वतःच तिला गप्प केलं. पाचव्या दिवशी मामी बाळाला पाहायला गेल्या. बाळाच्या दुपट्यांची आणि लंगोटांची दोरी खोलीतच बांधलेली पाहून त्यांनी काय काय ऐकवलं ते सगुणावहिनी पुढे वर्षानुवर्षं नक्कल करून सांगत.

आमची ठाण्याच्या कचेरीत बदली झाली ती एकोणीसशे तीसनंतरच्या एका वैशाखात. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या बेतात होत्या, म्हणून घाईने निघावं लागलं. मांडवीच्या बंदरावर ही गर्दी. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. तिथपर्यंत माणसं आणि सामान पडावातून, लहान होडीतून, न्यायचं. तात्या आणि मामी पोहोचवायला आले होते. तात्यांनी ह्यांचा हात धरून ठेवला होता. मामींनी फणसपोळीचं पुडकं माझ्या हातात कोंबलं. मग त्यांची नजर खलाशांकडे गेली. त्यांनी आमची ट्रंक पडावाच्या अगदी कडेला ठेवली होती. "अरे, तिथे नाही! मधे ठेव. तिचा शालू आहे त्यात," असं ओरडत मामी वाळूच्या पुळणीवरून निघाल्या, आणि बोलता बोलता पाण्यात शिरल्या.

ट्रंक मधे सरकली. आम्ही बसलो. पडाव हलला. मामी पाण्यातच उभ्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून. मी हात हलवला. त्यांना हात हलवायला लुगडं सोडावं लागलं. तेवढ्यात एक लाट आली आणि त्यांना कमरेपर्यंत भिजवून गेली. मागून तात्यांची हाक आली, "अगो, मागे हो! सगळी भिजलीस!"

मामींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसरी लाट आली तीही त्यांनी अंगावर घेतली. वल्ह्यांच्या आवाजातून मला त्यांचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

"भिजू द्या हो!"